बिनकांद्याचं पातेलं

आमच्या गावात लग्न ठरलं की मुलीची आई पाद्रीबुवांच्या आधी कालमान काकांचं दार ठोठावायची. पाद्रीबुवा शेजारच्या गावातून आणता आले असते, पण कालमान काकांसारखा स्वयंपाकी कुठून आणणार? अंगणात लोखंडी तिवयांना टांगलेल्या काळ्या कढया, खाली बाभळीची लाकडं, आणि हातात लांब डाव घेऊन या कढईकडून त्या कढईकडे फिरणारा हा धिप्पाड माणूस. असं दृश्य दिसलं नाही, तर लग्न लागलं असं आम्हांला वाटतच नसे.

मी त्यांच्यासाठी कांदे सोलणाऱ्या बायकांपैकी एक. नाव युस्तीना, पण पूर्ण नावाने त्यांनी मला कधी हाक मारली नाही. "युस्ती, रडून झालं? मग आता चिरायला घे," एवढंच. आम्ही पाचसहा जणी पहाटेपासून टोपल्या घेऊन बसायचो. कालमान काकांच्या मांसाच्या रश्शात मांस जेवढं, जवळजवळ तेवढाच कांदा. आधी चरबीत कांदा, तो विरघळून सोनेरी होईपर्यंत दुसरं काहीही नाही. मग लाल मिरचीची पूड, मग मांस. पानात वाढल्यावर कांदा शोधून सापडत नसे, आणि तोच त्या रश्शाचा जीव असे.

मारोश नदीच्या काठचं आमचं गाव कांद्यावरच जगतं. आमच्याकडे खोकला झाला की कांद्याचा रस मधातून, कान दुखला की भाजलेला कांदा फडक्यात बांधून, गांधीलमाशी चावली की कांद्याची फोड. कांद्याने कुणाचं वाईट होईल, हे इथे कुणी बोललं असतं तर लोकांनी त्याला उन्हातून उचलून सावलीत बसवलं असतं.

कालमान काकांचं स्वतःचं लग्न झालं नाही. त्याची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती, पण त्यांच्यासमोर कुणी काढत नसे. तरुणपणी एतेल्का नावाच्या मुलीशी त्यांचं ठरलं होतं. लग्नं आमच्याकडे शनिवारी होतात, आणि कालमानला शनिवार मोकळा मिळेना. हा शनिवार अमक्याच्या मुलीचा, तो तमक्याच्या भाचीचा. "पुढच्या हंगामात नक्की" असं करत तीन हंगाम गेले. एतेल्काने एकदाच विचारलं, "कालमान, माझ्यासाठी एकालाही नाही म्हणता येत नाही तुला?" त्याने मान खाली घातली. नाही म्हणणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. दुसऱ्या वर्षी तिने रेल्वेच्या फाटकावर काम करणाऱ्या देझ्योशी लग्न केलं. तिची आई तर इतकी जाड कातडीची, की जेवणाचं काम घेऊन कालमानकडेच गेली. आणि तिलाही तो नाही म्हणू शकला नाही. त्या दिवशीचा रस्सा गावात अजून आठवणीने सांगतात. मात्र त्यानंतर तीस वर्षांहून जास्त काळ काका एतेल्का मावशींच्या गल्लीतून गेले नाहीत. बेकरीला जायचं तरी वळसा घालून जायचे. देझ्यो वारला तेव्हा दफनभूमीत मागे, कुंपणापाशी उभे होते. भेटायला गेले नाहीत.

त्यांच्या उतारवयात गोंबोत्स आला. एका लग्नात पंगती उठल्यावर एक काळं, कुरळ्या केसांचं, उभ्या कानांचं कुत्रं राखेच्या उबेला येऊन झोपलं. काकांनी पावाचा तुकडा रश्शात बुडवून दिला. मग आणखी एक. खाऊन खाऊन त्याचं पोट असं तट्ट झालं की काका म्हणाले, "हा तर गोंबोत्स झाला!" गोंबोत्स म्हणजे आमच्याकडचा उकडलेला बटाट्याचा गोल गोळा. तेच नाव राहिलं. पुढे प्रत्येक लग्नाला हातगाडीवर कढया, कढयांवर ताडपत्री आणि ताडपत्रीवर गोंबोत्स अशी मिरवणूक निघू लागली.

काकांना गोड बोलता येत नसे. कुणी आवडलं की त्याला वाढायचं, एवढंच त्यांना येई. कढईच्या तळाचा दाट रस्सा हा स्वयंपाक्याचा मान. तो ते डब्यात भरून घरी न्यायचे आणि आठवडाभर, रोज, पाव चुरून गोंबोत्सला घालायचे. स्वतः नुसत्या पावाला चरबी लावून खायचे.

त्या वर्षी द्राक्षतोडणीच्या दिवसांत लागोपाठ मोठी लग्नं आली. दुसऱ्या लग्नाच्या सकाळी गोंबोत्स हातगाडीवर चढेना. पुढचे पाय टेकवून नुसता उभा राहिला. काकांनी उचलून ठेवला.

"म्हातारा झालाय लेकाचा," ते म्हणाले.

"काका, पाच वर्षांचं कुत्रं म्हातारं कसं होईल? धापा बघा किती टाकतोय."

"मग अशक्त झालाय. जोर यायला हवा." आणि त्या दिवशी त्यांनी त्याला तळाचा रस्सा दुप्पट घातला.

दोनतीन दिवसांनी मी रिकाम्या टोपल्या परत करायला गेले, तर काका अंगणात मांडी घालून बसलेले, मांडीवर गोंबोत्सचं डोकं. शेजारी भरलेली थाळी, तोंड न लावलेली. मी त्याचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या पांढऱ्या, मेणासारख्या.

"सकाळी मुतला तर कॉफीसारखं काळं," काका म्हणाले. त्यांचा आवाज असा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

माझ्याकडे जुनी लाडा गाडी होती. तिच्यातून आम्ही त्याला तालुक्याच्या गावी जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, तिमेया नावाच्या. त्यांनी रक्त काढून काचेवर घेतलं, सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि विचारलं, "काका, हा खातो काय?"

"जे मी खातो त्याहून चांगलं."

"म्हणजे काय?"

काकांनी अभिमानाने सगळा रस्सा पहिल्यापासून सांगितला. चरबी, कांदा, मिरची, मांस. संपल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यातला कांदा. कांद्यामुळे कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. कच्चा असो, शिजवलेला असो, वाळवलेला असो. थोडा थोडा रोज पोटात गेला तरी साठत जातो."

काका हसले. खरंच हसले. "बाई, तुम्ही कुठल्या?"

"दोम्बोवारच्या."

"तरीच. आमच्याकडे कांद्याने माणसं बरी होतात."

"माणसं होत असतील. कुत्रं माणूस नाही, काका. द्राक्षंही तशीच, मूत्रपिंडं बंद पाडतात. चॉकलेटचा तुकडाही द्यायचा नाही. अंगणात कन्हेरीच्या कुंड्या असतीलच तुमच्याकडे, तिचं पानही पोटात जायला नको. वसंतात ती पांढरी घंटाफुलं लावता तुम्ही सगळे, त्यांनी हृदय थांबतं."

"म्हणजे आमच्या गावात जे जे उगवतं ते सगळंच विष?"

"गाजर आहे की. भोपळा आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी टेबलावर पडलेल्या गोंबोत्सकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. "मीच घातलं," ते म्हणाले. "तो खात नव्हता, मी हाताने भरवलं."

"तुम्हांला माहीत नव्हतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता रडायचं ते नंतर. याच्या अंगात रक्त उरलेलं नाही. दुसऱ्या कुत्र्याचं द्यावं लागेल, आणि आजच. मोठं, धडधाकट, शांत कुत्रं हवं. गावात आहे कुणाचं?"

आमच्या दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच कुत्रं आलं. बेत्यार. पांढऱ्या जटा जमिनीपर्यंत लोंबणारं, वासराएवढं, पण मांजराची पिल्लं अंगावर खेळू देणारं. एतेल्का मावशींचं.

"मी जाऊन विचारते," मी म्हटलं. "तुम्ही बसा याच्यापाशी."

काका टोपी उचलून म्हणाले, "नको. रक्त मागायचं तर आपल्या तोंडाने मागावं."

गोंबोत्सला डॉक्टरीणबाईंपाशी ठेवून आम्ही गावात परतलो. एतेल्का मावशींचं घर गल्लीच्या टोकाला. आमच्याकडे प्रत्येक दारात कन्हेरीच्या कुंड्या असतात, गुलाबी, पांढऱ्या, पिवळ्या. थंडीत त्या उचलून तळघरात ठेवायच्या, वसंतात बाहेर काढायच्या, आणि कुणाची जास्त फुलली यावरून वर्षभर टोमणे मारायचे. फक्त मावशींच्या अंगणात एकही नव्हती. या बाईला फुलांची आवडच नाही, असं लोक म्हणायचे.

काका फाटकापाशी उभे राहिले. फाटक उघडंच होतं, पण पाय आत पडेना. बेत्यार उठून आला आणि फाटकाच्या पलीकडे बसला. मागून मावशी आल्या, हात पिठाने भरलेले.

"कालमान?" त्या म्हणाल्या. "रस्ता चुकलास का?"

"नाही."

"मग कोण मेलं?"

"अजून कुणी नाही. एतेल्का, मला तुझ्या कुत्र्याचं रक्त हवंय."

मावशींनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग गाडीत बसलेल्या माझ्याकडे. "काय पितोस तू हल्ली?"

मग मात्र काकांनी सगळं सांगितलं. उलटसुलट, मध्येच थांबत, कांदा, हिरड्या, कॉफी. बोलता बोलता त्यांनी टोपी इतकी पिळली की तिचा आकार गेला. शेवटी म्हणाले, "तुझ्याकडे काही मागायला मला तोंड नाही, माहीत आहे मला. तू नाही म्हण. मी समजेन."

"इतकी वर्षं वाट बघितली तुझी फाटकात," मावशी म्हणाल्या, "आणि आलास तो कुत्र्यासाठी." असं म्हणून त्या आत गेल्या. काकांनी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. पण मावशी हात धुऊन, ॲप्रन काढून, पट्टा घेऊन बाहेर आल्या. "उभा काय राहिलास? बेत्यारला गाडीत चढव. मला तो उचलत नाही."

लाडाच्या मागच्या सीटवर बेत्यार आणि काका. दोघांपैकी कुणाला जास्त जागा लागत होती सांगता यायचं नाही.

दवाखान्यात बेत्यारच्या मानेवरच्या दोन जटा कापाव्या लागल्या. मावशींनी त्याचं डोकं कुशीत धरलं होतं आणि त्या त्याच्या कानात काहीतरी पुटपुटत होत्या. तो हलला नाही, फक्त एकदा मोठा सुस्कारा टाकला. मग पिशवी गोंबोत्सच्या वर टांगली आणि ती रिकामी होईपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो.

"तुझा बेत्यार काय खातो?" काकांनी विचारलं.

"तांदूळ, उकडलेली कोंबडी, गाजर. मीठसुद्धा नाही."

"बिचारा."

"बिचारा जिवंत आहे," मावशी म्हणाल्या. मग त्याच पुढे बोलल्या, "आमच्या मुलीकडे एक छोटं कुत्रं होतं. पिवळं. कन्हेरीच्या कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी प्यायलं. नुसतं पाणी, कालमान. संध्याकाळपर्यंत गेलं. मुलगी सात वर्षांची होती. देझ्योने त्याच दिवशी सगळ्या कुंड्या नदीकडच्या खड्ड्यात नेऊन पुरल्या. कुणाला सांगितलं नाही आम्ही. लोक म्हणाले असते, कुत्र्यापायी एवढी फुलं घालवली."

"म्हणूनच का तुझ्या अंगणात..."

"तुला काय माहीत माझ्या अंगणात काय आहे? तू तर वळसा घालून जातोस."

काका लाल झाले. त्या वयाचा माणूस असा लाजलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

गोंबोत्स वाचला. लगेच नाही. दवाखान्यातून आल्यावर बरेच दिवस तो स्वयंपाकघरात गोधडीवर पडून असे, आणि काका त्याच्या बाजूला जमिनीवर. त्यांना उकडलेलं गाजर कुस्करताना पाहिलं की मला भरून यायचं. डाव धरणाऱ्या त्या हातांना काट्याने गाजर कुस्करायची सवय नव्हती. "चव नाही, रंग नाही, वास नाही," ते बडबडत, "याला स्वयंपाक म्हणायचा?" आणि गोंबोत्सने थाळी चाटून लख्ख केली की माझ्याकडे बघून म्हणत, "बघितलंस? सगळं संपवलं."

तो अंगणात धावू लागला तेव्हा काकांच्या मनात आलं, एतेल्काचे आभार मानायला हवेत. काय न्यावं, यावर त्यांनी फार विचार केला. रस्सा नेणं शक्य नव्हतं. शेवटी गावातली सर्वांत देखणी वस्तू त्यांनी निवडली. एका रविवारी, कोट घालून, हातगाडीवर काहीतरी चादरीत झाकून ते निघाले. मला म्हणाले, "तूही चल. एकटा गेलो तर लोक बोलतील."

मावशींच्या फाटकापाशी त्यांनी चादर ओढली. खाली लाकडी कुंडीत पुरुषभर उंचीची कन्हेर, गुलाबी फुलांनी लगडलेली.

मी डोळे मिटून घेतले.

"कालमान," मावशी अगदी शांतपणे म्हणाल्या, "आता माझाही कुत्रा मारायचा विचार आहे का?"

काकांनी कन्हेरीकडे पाहिलं. बेत्यारकडे पाहिलं. मग कपाळावर असा हात मारला की टोपी उडून पडली. "अरे देवा! बाकावर बसून सगळं ऐकलं मी! एतेल्का, मी गाढव आहे."

"ते जुनंच आहे."

"तुझ्या अंगणात काही फूल नाही, एवढंच डोक्यात राहिलं माझ्या. का नाही, ते विसरलो."

मावशींना हसू आवरेना. आधी तोंडावर हात धरला, मग फाटकाच्या खांबाला टेकून हसत राहिल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. काका आधी गोंधळले, मग तेही हसू लागले. बेत्यार दोघांमध्ये उभा राहून एकाकडून दुसऱ्याकडे पाहत होता.

"ते झाड युस्तीला दे," मावशी म्हणाल्या. "तिच्याकडे फक्त कोंबड्या आहेत, आणि त्या कुंपणाच्या आत असतात. आणि तू हात धुऊन ये. साबणाने. जर्दाळूचा केक केलाय."

मी कन्हेर घेऊन परत आले. हातगाडी एकटीने ओढावी लागली, पण त्याचं मला काही वाटलं नाही.

पुढचं लग्न गावच्या दारूभट्टीवाल्याच्या मुलीचं होतं. पहाटे आम्ही टोपल्या घेऊन पोचलो तर कढयांच्या बाजूला विटांची छोटी चूल आणि तिच्यावर एक पातेलं. कांद्यापासून लांब, वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला. आत तांदूळ, भोपळा आणि मांसाचे स्वच्छ तुकडे.

नवरीची आई आली. "कालमान, हे काय?"

"बिनकांद्याचं आहे. कुत्र्यांचं."

"माझ्या मुलीच्या लग्नात कुत्र्यांसाठी वेगळा स्वयंपाक? लोक काय म्हणतील?"

"पाहुणे त्यांना टेबलाखाली रस्सा घालणारच, इल्दिको. दर लग्नात घालतात. ही थाळी भरलेली असली तर कुत्री तिकडे जाणार नाहीत."

"हे पातेलं उचल, नाहीतर मी दुसरा स्वयंपाकी बघते."

आम्ही सगळ्या जणी सुऱ्या थांबवून पाहत राहिलो. काकांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटल्याचं आमच्यापैकी कुणाच्याच आठवणीत नव्हतं. त्यांनी डाव पुसला, खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "नाही उचलणार. बघ दुसरा." आवाज चढवला नाही. नवरीची आई पाय आपटत आत गेली. दुसरा स्वयंपाकी अर्थातच नव्हता. तिचाच लहान मुलगा दुपारी आपल्या कुत्र्याला घेऊन पातेल्यापाशी आला आणि काकांनी त्याला पहिली थाळी वाढली.

गाव काही एका दिवसात बदललं नाही. काही जण अजून हसतात. पण कन्हेरीची छाटणी करताना खाली पडलेली पानं लोक आता वेचून जाळायच्या ढिगाऐवजी झाकणाच्या डब्यात टाकतात, आणि द्राक्षं तुडवल्यावर उरलेला चोथा उघड्यावर राहत नाही. डॉक्टरीणबाईंना गावात आल्यावर आता जेवल्याशिवाय कुणी जाऊ देत नाही.

कालमान काका आणि एतेल्का मावशींनी लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर मावशी म्हणत, "आम्ही दोघं कुत्र्यांमुळे एकत्र आलो, पाद्रीबुवांना हे कसं समजावू?" काका मात्र रोज दुपारी गोंबोत्सला घेऊन त्यांच्याकडे जात, सरळ रस्त्याने. शनिवारची कामं त्यांनी हळूहळू दुसऱ्या हातांवर सोपवली. गुडघे दुखू लागले तेव्हा मावशी म्हणाल्या, "एवढी पायपीट कशाला करतोस, राहा इथेच," आणि ते राहिले. स्वतःच्या सामानातल्या फक्त दोन कढया नेल्या.

गेल्या नाताळात मी खसखस भरलेला गोड पाव घेऊन त्यांच्याकडे गेले. दुपारची वेळ, बाहेर धुकं. खोलीत नाताळचं झाड उभं होतं. आमच्याकडे झाडाला चकचकीत कागदातले चॉकलेटचे तुकडे दोऱ्याने बांधतात, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. यांच्या झाडाला कमरेखाली काहीच नव्हतं, आणि वरच्या फांद्यांवर मात्र इतकी गर्दी की शेंडा एका बाजूला वाकलेला. खाली बेत्यार आडवा, त्याच्या जटांमध्ये डोकं खुपसून गोंबोत्स.

काका खुर्चीवर उभे राहून आणखी एक तुकडा बांधत होते. मावशींनी खालून त्यांची पँट दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"अजून वर," मावशी म्हणाल्या. "बेत्यार मागच्या पायांवर उभा राहिला की तिथपर्यंत येतो."

"अजून वर जागा नाही, बाई. छत आहे."

"मग खाऊन टाक तो."

काकांनी कागद उलगडला, अर्धा तुकडा स्वतः खाल्ला आणि अर्धा वाकून मावशींच्या हातात दिला.